काडी विझली नाही

मोंटी,
रविवार, २९ जून १९९७

प्रिय आत्या,

१८ तारखेच्या पत्रात मी एक वाक्य चुकीचं लिहिलं. 'आईच्या हातची बिअर बिघडली' हे ते वाक्य. दुसऱ्या पानावर, वरून चौथी ओळ. ते खोड आणि त्या जागी लिही, 'नोझुकोच्या हातची बिअर बिघडली.' चूक सापडली की आधी ती दुरुस्त करायची आणि मगच पुढचं लिहायचं, हे तूच मला शिकवलंस. तेव्हा मी शाळेचं तोंडही पाहिलं नव्हतं. तुझ्या चुलीसमोरच्या राखेत बोटानं अक्षरं काढत होते.

वारलेल्या बाबांना बिअर वाहून पितर म्हणून घरी बोलावण्याच्या दिवशी तू तिथेच होतीस. पण तू पुढे मोठ्या माणसांत होतीस आणि मी मागच्या झोपडीत होते. तिथे काय झालं ते आज लिहिते.

मे महिन्यात झऱ्यावरून येताना आई पडली, तिचं उजवं मनगट मोडलं, हे तुला माहीत आहे. बाबांच्या बिअरसाठी ज्वारी तिनं तशाच एका हातानं भिजवली आणि मोड यायला पोत्याखाली पसरली. रोज उलथायला हवी होती, ते एका हातानं जमलं नाही, आणि ज्वारीला बुरशी धरली. फुंडिले काकांना तिनं हे सांगितलं नाही. मला निरोप पाठवला, की येताना दुकानातून मोडाच्या ज्वारीचं पीठ घेऊन ये. आत्या, ते पीठ बस स्टँडसमोरच्या प्रत्येक दुकानात मिळतं. मी ते घेतलं नाही.

मी काय घेतलं ते सांगते. मी ज्या औषधांच्या दुकानात लेबलं लावते तिथे माल्टच्या पाकाचे डबे असतात. काळा, दाट, काकवीसारखा पाक. अशक्त मुलांना लोक तो चमचाभर देतात. माझ्याबरोबरच्या हेझलबाईंचा नवरा त्याचीच घरी बिअर करतो. हेझलबाई मला म्हणाल्या होत्या, "अगं, धान्याला मोड आणा, वाळवा, दळा, उकळा, हे सगळं कारखान्यानं करून डब्यात भरलंय. तू पाणी घाल आणि तीन दिवस गप्प बस." मी करून पाहिली. कढत पाण्यात पाक विरघळवायचा, वर गार पाणी ओतायचं, हाताला सोसेल इतकं कोमट झालं की यीस्ट भुरभुरायचं, फडकं बांधून ठेवून द्यायचं. झाली. आमच्या खोल्यांवरच्या मुलींना आवडली. सगळ्या नोकरीवाल्या, सुटी एक रविवारची. मी अर्ध्या पानावर कृती लिहून काढली, वर मथळा दिला 'ज्यांना वेळ नाही त्यांच्यासाठी', आणि सात जणींना नकलून दिली. मला त्या कागदाचा गर्व झाला होता. बाबांच्या पिंपात मी तो गर्व ओतला.

गुरुवारी संध्याकाळी मी घरी पोचले आणि शनिवारी सकाळी बिअर हवी होती. आईनं डबे पाहिले आणि विचारलं, "हे जिवंत आहे का?"

मी म्हणाले, "आई, यात मोडच आहेत. उकळून आटवलेले."

"उकळलेले?"

"वेळ वाचतो त्यानं."

ती गप्प बसली. मला वाचता येतं आणि तिला येत नाही, म्हणून ती गप्प बसली.

नुसत्या पाकाची बिअर पातळ आणि तपकिरी होते. म्हाताऱ्यांनी ती जमिनीवर ओतून दिली असती. म्हणून मी मोठ्या हंड्यात मक्याचा घाटा शिजवला आणि मोडाच्या पिठाऐवजी त्यात पाक ढवळला. घाटा पुरता निवायची वाट पाहिली नाही. यीस्टही तसंच टाकलं.

शनिवारी पहाटे आईनं पिंपाच्या तोंडाशी काडी ओढून धरली. बिअर तयार असेल तर आतला वारा काडी विझवतो. काडी विझली नाही. तिनं दुसरी ओढली. तीही बोटापर्यंत जळत आली. पिंपात घाटा होता तसाच घट्ट बसला होता, एक बुडबुडा नाही. आई मला म्हणाली, "जा, लाकडं आण." मी लाकडं घेऊन आले तेव्हा ती काकांसमोर उभी होती आणि म्हणत होती, "माझ्या हाताला दोष लागलाय."

पुढचं तू पाहिलंस. घरची थोरली लेक म्हणून तू पहिल्यांदा चाखलीस, बाजूला थुंकलीस, शालीनं ओठ पुसलेस आणि म्हणालीस, "यात कोणी आलेलं नाही." मग काका म्हणाले की त्यांचा भाऊ लुंगिले स्वतःच्या बायकोच्या हातचं नाकारतोय, तर या घरात तिचं काय काम. सोमवारी आई तिच्या भावाकडे गेली. आठ दिवसांसाठी, असं सगळे म्हणाले. आज चौदावा दिवस आहे.

मी लाकडं खाली ठेवून तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलले नाही. लग्नाची मुलगी पुरुषांसमोर आत्याच्या तोंडून बोलते. तू माझ्यासाठी बोलशील का?

तुझी,
नोझुको


त्सोमो,
रविवार, १३ जुलै १९९७

नोझुको,

पत्र मिळालं. सवयीनं तांबडी शाई हातात घेतली होती, पण चुका थोड्याच निघाल्या. अक्षर मात्र तिरकं जायला लागलंय. घाबरल्यावर तुझं अक्षर नेहमीच तिरकं जातं, तू पाच वर्षांची होतीस तेव्हाही.

तू स्वतःला फार मोठी समजतेस. पोरीनं काय ढवळलं यावर पितर येतात आणि जातात, असं तुला वाटतं का? बिअर बिघडायला शंभर कारणं असतात. थंडी होती. पिंपावर घोंगडी घातली नव्हती, मी पाहिलं. आणि तुझी आई स्वतःच्या तोंडानं बोलली, कुणी तिचा हात पिरगाळला नव्हता. मोठ्या बाईनं सगळ्यांसमोर काही सांगितलं की त्यावर लेकीनं दुरुस्ती करायची नसते. तो शाळेचा नियम होता, घराचा नाही.

तीन डबे पाकानं कुणाचं घर मोडत नाही, बाळ. मोडायचं ते आधीच मोडलेलं असतं.

आता कामाचं. फुंडिलेनं सप्टेंबरमध्ये पुन्हा बोलावणं करायचं ठरवलंय, शनिवारी २७ तारखेला. बिअर त्याची बायको करेल, तुझी नोसाखेले काकू. दुकानाचं काही वापरायचं नाही. सोमवार, १५ तारखेला सकाळी घरचे सगळे पुरुष गुरांच्या कुंपणापाशी बसतील, त्यांच्यादेखत ती ज्वारी भिजवेल, आणि तिथून पुढे त्या घराचा बिअर करणारा हात, म्हणजे घरधनीणीचा मान, तिचा. काम रीतीनं होतंय. यात तुझी गरज नाही.

लुवुयोकडचे लोक ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी तुझ्या लग्नात ते देणार त्या गुरांचं बोलायला येणार आहेत. मुलगी शांत आहे, शिकलेली आहे, तोंडाला तोंड देत नाही, असं मी त्यांना सांगून बसले आहे. मला खोटं पाडू नकोस. हे पाकाचं प्रकरण अजून कुणाला बोललीस? हेझलबाईंना? खोल्यांवरच्या मुलींना? लगेच कळव.

आई तिच्या माहेरी बरी आहे असं ऐकते. तिलाही विश्रांती हवी होती.

आत्या


मोंटी,
रविवार, २७ जुलै १९९७

प्रिय आत्या,

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. खोल्यांवरच्या सातही मुलींना सांगितलं. प्रत्येकीकडून माझा कागद मागून घेतला आणि खाली लिहिलं, 'हा पाक मक्याच्या घाट्यात घालू नये. घाट्याला लागतं ते यात नसतं.' एकीनं विचारलं, "मग कशात असतं?" ते मला नीट माहीत नव्हतं, म्हणून मी करून पाहिलं.

दोन बादल्या घेतल्या. दोन्हीत सारखा घाटा, पुरता निवलेला. एकीत बस स्टँडवरचं मोडाचं पीठ घातलं, दुसरीत पाक आणि यीस्ट. सकाळपर्यंत पहिलीतला घाटा पाण्यासारखा सैल झाला होता आणि आंबूस वास सुटला होता. दुसरीत चार बुडबुडे आले, वर थोडा फेस आला, पण खाली गोळा तसाच. दुसऱ्या दिवशी पहिल्या बादलीशी काडी विझली. दुसरीशी धुगधुगली आणि जळत राहिली. मोडात घाटा सोडवण्याची ताकद असते, आणि पाक उकळून आटवताना ती मरते. राहते नुसती गोडी. आईनं हेच विचारलं होतं, जिवंत आहे का. तिनं चार शब्दांत विचारलं ते कळायला मला दोन बादल्या लागल्या. आणि बाबांच्या पिंपात तर मी यीस्टसुद्धा कढत घाट्यात टाकून मारलं होतं.

मागच्या रविवारी आईला भेटून आले. ती बरी नाही. मामाकडे धान्याच्या खोलीत पोत्यांशेजारी तिची चटई आहे. मामेभावाची बायको तिला सगळ्यांचा चहा झाल्यावर चहा देते. मनगट वाकडं जुळलंय.

मी म्हणाले, "आई, मी सांगते सगळ्यांना."

"कशाला? तुझी गुरं यायची आहेत."

"बाबा रागावलेत असं म्हणतात सगळे."

ती हसली. "पंचवीस वर्षं हा माणूस माझ्याशी बोलत होता. एका पिंपासाठी अबोला धरेल होय?" मग मनगट चोळत म्हणाली, "त्याच्या थडग्याशी जायला त्या घराच्या अंगणातून वाट आहे, तेवढंच आहे. आणि मेल्यावर मला कुठे पुरणार, ते विचारून ठेव."

आत्या, मला ते विचारायचं नाही. आईला तिच्या घरी परत न्यायचं आहे, एवढंच हवं आहे. १५ सप्टेंबरला काकूचा हात त्या ज्वारीत गेला की ते कायमचं राहिलं.

आता एक गोष्ट. तू लिहिलंस, 'तीन डबे.' मी पाठवते त्या प्रत्येक पत्राची नक्कल ठेवते. २९ जूनच्या पत्रात डबे आहेत, आकडा कुठेच नाही. चार वेळा वाचलं. डबे तीनच होते. रिकामे झाल्यावर मी ते झोपडीमागे राखेच्या ढिगात पुरले होते.

पिंपातलं तू चाखलंस. काय चव होती, आत्या?

नोझुको


त्सोमो,
रविवार, १० ऑगस्ट १९९७

नोझुको,

गोड होती.

मरायला टेकलेली नाही मी, जीभ शाबूत आहे. बोट घातलं आणि कळलं. माझ्या वर्गात अशक्त पोरांना दर शुक्रवारी मीच तो पाक चमच्यानं भरवत होते, तीस वर्षं. मागे गेले तेव्हा कोंबड्यांनी ढीग उकरला होता. तीन डबे. लेबलावर तुझं अक्षर, सरळ, सुबक. तेव्हा तू घाबरलेली नव्हतीस.

तू चव विचारलीस, मी सांगितली. आता बाकीचंही ऐकून घे. एवढी दुरुस्तीची हौस आहे तर पुरतं ऐक.

१९७१ साली माझ्या नवऱ्यानं मला परत पाठवलं, मूल होत नाही म्हणून. डोक्यावर ट्रंक घेऊन मी बापाच्या अंगणात शिरले, त्या दिवशी तुझ्या आईची सून म्हणून पहिली बिअर होती. खुंटीवर माझी गाळणी होती, माझ्या आईनं गवताची विणलेली, माझ्यासाठी. तुझ्या आईनं ती उतरवली, धुतली आणि तिच्यातून बिअर गाळली. मी दारात उभी. मला विचारलं नाही. बाप प्यायला आणि म्हणाला, "आता या घराचा हात हा." लग्नात तिला नोसाफो हे नाव मी दिलं होतं. घराची ती. मीच दिलं होतं. त्यानंतर त्या घरात मला बिअर वाढली गेली, माझ्याकडे मागितली कधी गेली नाही. मागच्या झोपडीत राहायचं आणि भावाच्या पोरीला राखेत अक्षरं शिकवायची.

मी खोटं बोलले नाही. 'यात कोणी आलेलं नाही' हे खरंच होतं. उकळलेल्या पाकातून कोण येणार? का आलेलं नाही, हे मला कुणी विचारलं नाही. तुझ्या आईनं स्वतःच मान पुढे केली, मी फक्त अडवली नाही.

आता तुझं. तू बोललीस तर काय होईल ते नीट वाच. लुवुयोकडचे म्हणतील, बापाला पोरांचं टॉनिक पाजणारी हीच का ती. आणि तुझी आई परत येईलच असं नाही. फुंडिलेला ती जागा हवी आहे, निमित्त त्याला दुसरं मिळेल. तू स्वतःला जाळशील आणि उजेड पडणार नाही.

मी तुझ्यासाठी बोलणार नाही. विचारलंस म्हणून सांगितलं.

आत्या


मोंटी,
रविवार, ७ सप्टेंबर १९९७

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी नकललं नाही आणि कुणाला दाखवलंही नाही. वाचलं तेव्हा आधी राग आला आणि मग त्या गाळणीचं वाईट वाटलं. त्या गाळणीबद्दल मी आईला विचारलं. ती तुझं नाव घेऊन म्हणाली, "नोविनीलेची होती? सासूबाईंनी मला हातात दिली, घे म्हणाल्या." मग म्हणाली, "सव्वीस वर्षं मनात ठेवून बसली का ती?" मी यातलं काही माझ्या सोयीनं बदललेलं नाही.

लुवुयोला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "हे लग्न झाल्यावर सांगितलं असतंस तर?" ३० ऑगस्टला त्याच्याकडचे आले नाहीत. गाडी नादुरुस्त आहे असा निरोप आला. त्यांच्याकडे दोन गाड्या आहेत. तेव्हा तू त्यांना जे सांगून बसली आहेस त्याची काळजी करू नकोस. तू खोटी पडली नाहीस, मीच पडले.

तू म्हणतेस उजेड पडणार नाही. कदाचित खरं असेल. काका म्हणतील पोरगी आईला वाचवायला बोलतेय. म्हणून बरोबर दोन बादल्या आणणार आहे. एकीत पाक, एकीत मोडाचं पीठ. काडी काकांनीच ओढावी. एक रिकामा डबा आणेन, माझ्या अक्षरासकट. मी हे २७ तारखेला करणार नाही. त्या दिवशी बाबांना बोलावणं असेल आणि त्यांच्यासमोर मला भांडण नको. एक बोलावणं मी नासवलं आहे, दुसरं नासवणार नाही.

दुकानातून पंधरा दिवसांची सुटी घेतली आहे. हेझलबाई म्हणाल्या, "एवढ्या दिवसांत तर बिअरची चार पिंपं होतील." मी म्हणाले, "एकच करायचं आहे." शुक्रवारी आईला मामाकडून घेईन. तिला अजून सांगितलेलं नाही, कारण सांगितलं तर ती येणार नाही. घरी जायचंय एवढंच सांगेन, आणि बसमध्ये सगळं सांगेन. तिला एका हातानं ज्वारी उलथवता येणार नाही. ती मी तिच्या नजरेखाली उलथवेन, रोज दोनदा, आणि या वेळी ती जे विचारेल त्याचं उत्तर मी वाचून देणार नाही, तिला विचारून देईन.

काकांनी ऐकलं नाही तर आई परत मामाकडे जाईल आणि काकूच ज्वारी भिजवेल. मग २७ तारखेची बिअर चांगली होईल, काडी विझेल, आणि सगळे म्हणतील बाबा आले. हे मला माहीत आहे. तरीही सांगणार.

तुझं नाव मी घेणार नाही. तू चाखलंस ते तुझ्या तोंडात आहे, ते बाहेर काढायचं की नाही हे तूच ठरव. कुंपणापाशी तू उभी राहिलीस तर मी रीतीनं तुझ्या मागे उभी राहीन आणि तुझ्या तोंडून बोलेन. आली नाहीस तर माझ्याच तोंडानं बोलेन आणि ते रीतीला सोडून होईल. राखेत अक्षरं काढताना मी चुकले की तू माझा हात धरून पुसायला लावायचीस, आणि पुसून झाल्याशिवाय सोडायची नाहीस. तो हात मी अजून सोडलेला नाही, आत्या. तू सोडलास.

लवकरच, म्हणजे पुढच्या आठवड्यात, मी तिथे असेन.

नोझुको

ता. क. पत्र पुन्हा वाचलं. शेवटची ओळ मोघम आहे, ती खोड. त्या जागी लिही: सोमवार, १५ सप्टेंबर १९९७, सकाळी, काकूचा हात पाण्यात जाण्याआधी.